आर्जिनिनची फुटलेली मतं

चारा छावणीच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावात बसून काम करता येईल अशी एकच जागा होती. दूध संस्थेचं संकलन केंद्र. तिथं फॅट मोजायच्या मशीनसाठी इन्व्हर्टर होता. सकाळचं दूध घेऊन झालं, कॅन टेम्पोत चढले की सचिव ओल्या फडक्यानं टेबल पुसून द्यायचे. फरशी धुवायला पाणी नव्हतं. मग संध्याकाळच्या दुधापर्यंत ते टेबल माझं. आंबूस वास, माश्या, पत्र्याचं छत आणि माझा लॅपटॉप.

गाव उमापूरच्या पुढं. मी गेवराईच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते आणि बाजूनं पीएचडी रेटत होते. सुट्टी लागली, त्यातच गेवराईतल्या माझ्या खोलीचा नळ कोरडा पडला, म्हणून मी गावी आले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि माझ्या मार्गदर्शक सरांना ते पावसाळ्याच्या आत हवं होतं. वाटलं, गावी निवांत लिहून होईल. पण त्या वर्षी निवांत कुणीच नव्हतं. घरातलं प्रत्येक माणूस एक कान टँकरच्या हॉर्नकडे लावून जेवत होतं. माझंही तसंच झालं. एक ओळ लिहायची, उठायचं, दारात जाऊन रस्त्याकडं बघायचं, परत येऊन तीच ओळ खोडायची. आई म्हणायची, "एका जागी बस की गं जरा. पायाला काय भिंगरी बांधली का?"

मी शोधत होते तो प्रश्न सांगायला अवघड नाही. सगळ्या सजीवांची प्रथिनं वीसच अमिनो आम्लांची बनतात. केसातलं प्रथिन असो की दुधातलं, मणी तेच वीस, माळा वेगळ्या. पण हे मणी सारख्या प्रमाणात येत नाहीत. ल्युसिन बघावं तिथं असतं, ट्रिप्टोफॅन हुडकावं लागतं. असं का? एक उत्तर म्हणजे नैसर्गिक निवड. जे उपयोगाचं ते निसर्गानं पिढ्यान् पिढ्या चाळून ठेवलं, बिनकामाचं गळालं. दुसरं उत्तर म्हणजे योगायोग. डीएनएमध्ये चार अक्षरं असतात आणि तीन अक्षरांचा एक शब्द होतो, असे एकूण चौसष्ट शब्द. त्यातले तीन 'इथं थांबा' एवढंच सांगतात. उरलेले एकसष्ट शब्द वीस आम्लांमध्ये वाटलेले आहेत, पण वाटणी सारखी नाही. ल्युसिनच्या वाट्याला सहा शब्द, ट्रिप्टोफॅनच्या वाट्याला एकच. म्हणजे अक्षरं नुसती उलटीसुलटी पडत राहिली, कुणी काही निवडलं नाही, तरी ल्युसिन जास्तच दिसणार. यातलं योगायोगाचं किती आणि निवडीचं किती, एवढाच माझा प्रश्न. हजारो प्रथिनांची माहिती माझ्या लॅपटॉपवर होती आणि मी आकडे लावत होते.

वडील संस्थेचे चेअरमन होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते चेअरमन कसे झाले हे सगळ्या गावाला माहीत होतं. संचालक मंडळात मतं समसमान पडली होती, निम्मी दादांना, निम्मी आबांना. मग निवडणूक अधिकाऱ्यानं कायद्याप्रमाणं दोन चिठ्ठ्या लिहिल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि एक चिठ्ठी काढली. दादांचं नाव निघालं. गुलाल उधळला गेला, आणि आठवड्याभरात दादा बोलायला लागले, "लोकायनी मला निवडलं." आबा ज्याला त्याला सांगायचे, "लोकायनी न्हाई, डब्यानं निवडलं."

आबा आमचे कुणी लागत नव्हते. गुरं आणि मेंढरं राखणारं त्यांचं घर, गावाच्या माळाकडच्या अंगाला. पूर्वी दादा आणि ते बैल बघायला एकाच गाडीनं दूरदूरच्या बाजारांना जायचे, एका भाकरीतले दोन तुकडे करून खायचे. त्या चिठ्ठीनंतर बोलणं बंद झालं. समोरासमोर आले तर एकानं आभाळाकडं बघायचं, दुसऱ्यानं जमिनीकडं.

दुष्काळात आमच्या संस्थेनंच छावणी चालवायला घेतली होती. गावाबाहेरच्या पडीक रानात लाकडं रोवून, वर पाचट टाकून सावली केलेली. खाली जनावरांच्या लांबच लांब दावणी. चारा म्हणजे मुख्यतः उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, कधी अख्खा ऊसच. पेंड मिळायची ती चव लागण्यापुरती. दादा दिवसभर तिथंच असायचे. दुपारी डोक्याला पंचा गुंडाळून संकलन केंद्रात यायचे, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि स्क्रीनकडं बघत राहायचे.

एक दिवस म्हणाले, "बाई, हे तू करती ते आमच्या कामाचं काही हाय का?"

"न्हाई दादा. नुसतं कळून घ्यायचंय."

"मग कळंल असं सांग की."

मी ट्रिप्टोफॅन, ल्युसिन असं सुरू केलं आणि त्यांचा चेहरा बघून थांबले. मग म्हटलं, "असं समजा, गावात वीस घरं हायेत. काही घरात सहा मतं, काही घरात चार, काही घरात दोन. दोन घरात एकच एक मत. आता चिठ्ठ्या डब्यात टाकून डोळे झाकून काढत बसलं, तर कुणाच्या घरची जास्त निघतील?"

"सहा मतवाल्यांची. त्यात काय?"

"बरोबर. प्रथिनांतही बऱ्याच अंशी तसंच दिसतं. ज्याचे शब्द जास्त, त्याची हजेरी जास्त. पण एक घर हाय. आर्जिनिन. सहा मतं हायेत, पण निकालात कुठंच दिसत न्हाई. माणसात, गाईत, जेवढं यायला पाहिजे त्याच्या मानानं लई कमी."

दादा पुढं सरकून बसले. पहिल्यांदाच त्यांना माझ्या अभ्यासात रस आला होता.

"म्हंजी फुटली मतं."

"फुटली म्हणा."

"कुणी फोडली?"

"तेच हुडकतेय."

"हुडक," दादा उठत म्हणाले. "त्यामागं कुणीतरी असतंच. सहा मतं उगंच फुटत नसत्यात."

सरही हेच म्हणत होते, फक्त त्यांची भाषा वेगळी होती. ते विद्यापीठात होते. माणूस प्रेमळ, पण घाईचा. दर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा आणि रेंजसाठी मी पाण्याच्या रिकाम्या टाकीवर चढून बोलायचे. "आर्जिनिनचा अपवाद हीच तुझ्या प्रबंधाची खरी कमाई आहे," ते म्हणायचे. "निसर्गानं त्याला दाबलंय. निवड दाखव. योगायोगावर कोण काय छापणार?" मी हो म्हणायचे आणि खाली उतरायचे. मला स्वतःला अजून खात्री नव्हती.

त्याच सुमारास आमचं दूध परत आलं.

गावोगावच्या संस्थांचं दूध शीतकरण केंद्रावर जायचं. तिथं सकाळी टेम्पो पोचला आणि दुपारी तसाच माघारी आला, कॅन भरलेले. डिग्री लागत नाही म्हणाले. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची तरंगती नळी, दूध दाट असेल तर ती वर राहते, पातळ असेल तर बुडते. त्या आकड्याला सगळे डिग्री म्हणतात. ती कमी आली की सरळ अर्थ काढला जातो, दुधात पाणी आहे. उन्हात ताटकळलेलं ते दूध नासलं. जनावरांना पाणी नसताना सचिवांना ते कॅन माळावर ओतावे लागले. बायका लांबून बघत होत्या. त्यातल्या एकीनं तोंडाला पदर लावला होता.

दुसऱ्या दिवसापासून सचिवांनी प्रत्येकाचं दूध वेगळं तपासायला घेतलं. सगळ्यांत कमी डिग्री आबांच्या दुधाची निघाली. एकदा नाही, रोज.

दादांनी तिथल्या तिथं, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय टाकलंय ह्यात?" इतक्या काळानं ते आबांशी बोलले, आणि बोलले ते हे.

आबांनी आधी हातातली किटली खाली ठेवली. उंच माणूस, डोळे लहान. ते हळूच म्हणाले, "पाणी? आरं, पाणी हाय कुठं बे टाकायला? लेकराला गडूभर देताना जीव कासावीस होतोय, आन मी ते दुधात वतीन?"

रांगेत कुणीतरी हसलं. ते हसणं दादांना लागलं.

"मशीन खोटं बोलत न्हाई," दादा म्हणाले.

"मशीन न्हाई, मशीन वाचणारा बोलतोय," आबा म्हणाले आणि किटली तशीच ठेवून निघून गेले.

सचिवांनी ते दूध घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत गावात दोन गट पडले होते. दादांनी संचालकांची बैठक लावली. विषय एकच, आबांचं दूध कायमचं बंद करायचं.

जेवताना मी गप्प राहिले नाही. "दादा, कमी डिग्रीचा अर्थ पाणीच असतो असं न्हाई. नुसत्या वाढ्यावर आणि एवढ्या उन्हात गाईच्या दुधातलं प्रथिन कमी होतं. कुणी काही न करता डिग्री उतरू शकते."

"मग सगळ्यांचीच उतरायला पाहिजे. त्याचीच कावून?"

"सगळ्यांचीच उतरलीय. त्यांची जास्त उतरलीय एवढंच."

"तूच म्हणली ना, सहा मतं असून दिसंना, म्हंजी फुटली?"

"फुटली असं तुम्ही म्हणालात. मी म्हणाले हुडकतेय."

आई मध्ये पडली, "जेवा आता. भाकरीसंगं भांडण नगं." दादांनी ताटाला हात लावला नाही. मीही जेमतेम खाल्लं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्याच आकड्यांनी मला अस्वस्थ केलं होतं. आर्जिनिनच्या सहा शब्दांपैकी चार शब्द सी आणि जी या दोन अक्षरांनी सुरू होतात. आणि माणूस, गाय, कोंबडी अशा पाठीच्या कण्याच्या प्राण्यांच्या डीएनएमध्ये सी-जी ही जोडी मुळातच विरळ असते. ती जोडी टिकत नाही, रासायनिक बदल होऊन दुसरंच अक्षर तयार होतं. प्रथिनाशी त्याचा काही संबंध नाही. जिथं कुठलंच प्रथिन लिहिलेलं नाही, तिथंही ही जोडी कमीच. मग चार शब्द ज्या जोडीवर अवलंबून, ती जोडीच कमी, तर आर्जिनिन कमी येणारच. त्याला कुणी दाबायची गरज नव्हती. मी हा हिशेब लावून बघितला आणि अपवाद बराचसा विरघळला. सगळा नाही, थोडं उरलं. ते उरलेलं कशामुळं, हे मला सांगता येत नव्हतं.

मी टाकीवर चढून सरांना हे सांगितलं.

"म्हणजे तू तुझाच मुख्य निष्कर्ष मोडतेयस," सर म्हणाले.

"तो निष्कर्ष नव्हता सर. आपण तसं धरून चाललो होतो."

"पावसाळ्याच्या आत प्रकरण पाहिजे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी वरच बसून राहिले. तिथून छावणी दिसत होती, धुळीत उभ्या रांगा. अपवाद दिसला की त्यामागं कुणाचा तरी हात आहे असं म्हणायची केवढी घाई असते आपल्याला. सरांना होती, दादांना होती. मलाही होती, वर्षभर मी त्याच घाईत आकडे मांडले होते. आधी विचारायला पाहिजे की कुणीच काही केलं नसतं तर काय दिसलं असतं. ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट. त्याच तंद्रीत मी उतरले आणि थेट सचिवांच्या घरी गेले.

सचिव जुने माणूस. संस्थेच्या सुरुवातीपासून दूध तपासत आलेले, कुणाच्या बाजूनं न बोलणारे. मी विचारलं, "काका, पाणी टाकलंय का गाईचंच दूध तसं हाय, हे ठरवायला काही रीत हाय का?"

"हाय की. समोर धार काढायची. आपल्या भांड्यात, चार मानसांदेखत. मग डिग्री लावायची."

"मग तसं का करत न्हाई?"

"चेअरमननं सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "आन आबानं मानायला पाहिजे. दोघंबी हटून बसलेत. मी मधी कशाला पडू?"

आबांकडं मी गेले. त्यांच्या दाराशी मेंढरं कोंडायचा काटेरी कुंपणाचा वाडगा मोकळाच होता. मेंढरं त्यांनी मुलासोबत नदीकाठाकडं धाडली होती, घरी फक्त दोन गाई राहिल्या होत्या, त्याही छावणीत. मी समोर धार काढायचं म्हटल्यावर ते चिडले.

"मी चोर हाय का, की माझी गाय पंचासमोर पिळायची?"

"तुम्ही चोर न्हाई हे सिद्ध करायला न्हाई आबा. दुष्काळात दूध काय होतं ते बघायला."

"तुझा बाप येईल का?"

"येतील."

मी दादांना विचारलंही नव्हतं. त्या रात्रभर मी कूस बदलत राहिले. सकाळी चहा देताना सांगितलं, तेव्हा दादा इतकंच म्हणाले, "बरं हाय. सगळ्यायच्या समोरच उघडं पडंल."

त्याच दिवशी संध्याकाळी छावणीत पंचवीस-तीस माणसं जमली. सूर्य अजून वर होता, पाचटाच्या फटींतून उन्हाचे पट्टे जनावरांच्या अंगावर पडले होते. सचिवांनी संस्थेचं भांडं आणलं, उलटं करून सगळ्यांना दाखवलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. आबांची मोठी गाय तांबडी, फासळ्या मोजता येतील अशी. आबा उकिडवे बसले. सडाला हात लावण्याआधी त्यांनी गाईच्या मांडीवर थोपटलं आणि तिला काहीतरी पुटपुटले. धार निघाली ती बारीक, थांबत थांबत.

भांडं सचिवांच्या हातात आल्यावर दादा म्हणाले, "लाव डिग्री."

"लगीच न्हाई लागत," सचिव म्हणाले. "ताज्या धारंत हवा असती, आत्ता लावलं तर उगंच कमी दावंल. निवू द्या, फेस बसू द्या."

ते थांबणं माझ्या जिवावर आलं. सगळे तिथंच उभे. कुणी तंबाखू मळली, कुणी दुसऱ्याच्या बैलाचे दात बघितले. दादा आणि आबा सावलीसाठी रोवलेल्या एका बल्लीच्या दोन बाजूंना टेकून उभे होते, पाठीला पाठ. मी त्या दोघांच्या मध्ये येरझारा घालत होते. मनात सगळं उलटंसुलटं चाललेलं. डिग्री नीट आली, म्हणजे रोजच्या दुधात पाणी होतं असं ठरलं तर? आबांना मीच इथं आणलं होतं. आणि कमी आली तर दादांचं काय?

सचिवांनी दूध उंच काचपात्रात ओतलं, लॅक्टोमीटर सोडला. तो डुचमळला, वरखाली झाला आणि खाली बसला. सचिव वाकून बघत राहिले. मग त्यांनी बाजूच्या संचालकाला बघायला लावलं, मग दुसऱ्याला.

"कमी हाय," ते म्हणाले. "रोजच्यापेक्षा बी कमी."

लोकांत कुजबुज झाली. म्हणजे पाणी नव्हतं, दूधच तसं होतं. त्यांची धाकटी गाय पिळली, तिची डिग्री ठीक निघाली. कुणाला काही उमजेना. तेवढ्यात आबा म्हणाले, "आता चेअरमनची गाय पिळा."

दादांची गाय पलीकडच्या दावणीत होती. दादा एकदा माझ्याकडं बघून म्हणाले, "पिळा." स्वतःच पुढं झाले, स्वतः धार काढली. पुन्हा तेच थांबणं, पुन्हा ती नळी. आबांच्या तांबडीइतकी नाही, पण दादांच्या गाईचीही डिग्री हद्दीच्या खालीच बसली.

"मग आमचं दूध रोज पास कसं होतंय?" दादांनी सचिवांना विचारलं. आवाज खरंच गोंधळलेला होता.

सचिव म्हणाले, "तुमच्या घरी म्हस हाय चेअरमन. तुमच्या कॅनीत दोन्हीचं येक होतंय. म्हशीचं दाट, ते गाईचं झाकून नेतंय. आबाकडं म्हस कुठंय?"

दादा भांडं हातात घेऊन तसेच उभे राहिले. एवढ्या लोकांसमोर ते चूक कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं आणि त्यांनी ती शब्दांत केलीही नाही. त्यांनी ते दूध आबांच्या किटलीत ओतलं, आपल्या गाईचं, आणि म्हणाले, "उद्या सकाळी टेम्पोसंगं मी बी येतो केंद्रावर. तू बी चल. तिथल्या सायबाला दोघं मिळून बोलू."

"मी कावून?" आबा म्हणाले.

"कावून की गाय तुझी हाय. मला एकट्याला कोण इचारतंय."

संचालकांची ती बैठक मग झालीच नाही. सकाळी टेम्पोच्या केबिनमध्ये आबा दादांच्या शेजारी बसलेले मी पाहिले. दोघं दोन दिशांना बघत होते, तरी एका बाकावर होते.

केंद्रावरच्या साहेबानं ऐकून घेतलं आणि नियम नियम आहे म्हणाला. दुष्काळात गाईचं दूध हलकं होतं हे त्याला पटत होतं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. दोघं चिडून परत आले. परतताना गेवराईजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलात चहाला थांबले, आणि आबांनी मालकाला सहज विचारलं की तो दूध कुठून आणतो. त्यातून वाट निघाली. छावणीतलं गाईचं दूध वेगळं काढायचं, हलकं आहे हे आधीच सांगून हॉटेलांना चहासाठी द्यायचं, आणि म्हशीचं तेवढं केंद्राला. भाव कमी मिळाला, पण नंतर त्या उन्हाळ्यात दूध माळावर ओतावं लागलं नाही. ही वाट कुणाला सुचली यावर दादा आणि आबा पुढं कितीतरी दिवस वाद घालत राहिले.

पहिल्या दिवशी परत आलेल्या त्या कॅनमध्ये कुणी पाणी टाकलं होतं की नव्हतं, हे मात्र कधीच कळलं नाही. सचिव म्हणायचे, "आसंल बी. नसंल बी. दुष्काळ हाय म्हणून सगळेच साधू झाले, असं बी न्हाई." मला ते वाक्य बरेच दिवस खुपत राहिलं.

मी प्रकरण लिहून काढलं. बसून नाही, उभ्यानं, संकलन केंद्राच्या उंच काउंटरवर लॅपटॉप ठेवून, कारण बसलं की मन उडत होतं. लिहिलं ते असं, की प्रथिनांत अमिनो आम्लं ज्या प्रमाणात दिसतात, त्याचा मोठा भाग केवळ शब्दांच्या वाटणीतून आणि अक्षरांच्या विरळ-दाटपणातून येतो, तिथं निवडीचं नाव घ्यायची गरज नाही. प्राण्यांतल्या आर्जिनिनची तूटही बरीचशी सी-जीच्या तुटीतून येते. उरतं ते कशामुळं, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. आणि मग एक छोटा भाग मी नव्यानं जोडला, दुधातल्या केसिनचा. केसिनमध्ये प्रोलिन इतकं जास्त असतं की नुसत्या शब्दांच्या वाटणीतून ते येऊच शकत नाही. प्रोलिनमुळं साखळीची घट्ट घडी बसत नाही, ती सैल राहते आणि वासराच्या पोटात सहज पचते. तिथं निवडीचा हात आहे असं मी बेधडक लिहिलं. सगळी प्रथिनं एकत्र मोजताना हे हात पुसले जातात, एकेक प्रथिन वेगळं धरलं की दिसतात. सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये गेलं की कुणाची गाय कशी हे जसं कळत नाही. हे वाक्यही मी लिहिलं होतं, सरांनी ते काढून टाकायला लावलं.

बाकीचं त्यांनी ठेवलं. विद्यापीठात त्यांच्या खोलीत समोरासमोर बसून आम्ही दोन दिवस भांडलो. ते म्हणत होते, "तू निवडीला कमी लेखतेस." मी म्हणत होते, "जिथं दिसते तिथं लिहिलीय सर." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "तुझ्या जागी मी असतो तर असं लिहिलं नसतं," म्हणाले, आणि सही केली. पटलं म्हणून की थकले म्हणून, मला आजही माहीत नाही. पुढं त्यांनी मला कधी परकं केलं नाही, पण त्या विषयावर पुन्हा बोललेही नाहीत.

तोंडी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "उरलेल्या तुटीबद्दल तुमचं स्वतःचं मत काय?" सर माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "माहीत नाही." परीक्षकांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. ते चांगलं की वाईट, या विचारानं मी निकाल सांगेपर्यंत बाहेरच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिले. मग सर बाहेर आले आणि त्यांनी मला 'डॉक्टर' अशी हाक मारली.

मी दादांना फोन लावला. ते गेवराईत बियाण्याच्या दुकानापुढच्या रांगेत उभे होते. मागं गोंगाट, त्यात कापसाचं कुठलं वाण घ्यावं यावर तावातावानं बोलणारा आबांचा आवाज मला ओळखू आला.

"झालं का गं?" दादांनी विचारलं.

"झालं दादा."

"मग काय ठरलं शेवटी? आपोआप होतंय का कुणी निवडतंय?"

"थोडं हे, थोडं ते. बरंचसं आपोआप. आणि काही अजून कळलंच न्हाई."

दादांनी फोन बाजूला धरून आबांना ते जसंच्या तसं सांगितलेलं मी ऐकलं. आबा पलीकडून ओरडले, "आरं मग एवढी वर्सं काय करीत व्हती ती?"

"तेच इचारतोय मी," दादा म्हणाले. आणि मग माझ्याशी, आवाज खाली आणून, "बाई, जेवली का तू?"